बुबुळावरील बुरशीचे उत्तर मदुराईत सापडले. ते आपल्या गावांपर्यंत कधी येणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या काळात नेत्रदान पंधरवडा पाळला जातो आणि त्या निमित्ताने आपल्या दैनिकासह बहुतेक मराठी वृत्तपत्रे नेत्रदानाची आवाहने आणि दृष्टी परत मिळालेल्यांच्या हकिगती आवर्जून छापतात. हे काम मोलाचे आहे आणि ते चालू राहिलेच पाहिजे. परंतु दानात मिळालेले पुष्कळसे कॉर्निया जंतुसंसर्गाने भोक पडलेला किंवा पडू घातलेला डोळा निदान जागेवर राहावा, एवढ्याचसाठी वापरावे लागतात, ही बाब त्या लेखांत सहसा येत नाही. सुजलेल्या, पू झालेल्या डोळ्यात तातडीने बसवलेला कॉर्निया पुढे अनेकदा पांढरा पडतो. डोळा राहतो, नजर राहत नाही. ज्या आजारामुळे ही वेळ अनेकदा येते, त्या बुबुळावरच्या बुरशीच्या व्रणावरील (जखमेवरील) सर्वांत भक्कम वैद्यकीय संशोधन आपल्याच देशात झालेले आहे, आणि तरीही त्याचे निष्कर्ष महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या घरापर्यंत आलेले नाहीत. ग्रामीण भागात नेत्रचिकित्सा करणारा डॉक्टर म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिण्याची परवानगी घेतो.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा पारदर्शक पडदा. त्याची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते आणि त्यात रक्तवाहिन्या नसतात. रक्तवाहिन्या नसल्यामुळे तो पारदर्शक राहतो, पण त्याच कारणाने रक्तातील संरक्षक पेशी तेथे उशिरा पोहोचतात. वरचा पापुद्रा शाबूत असेपर्यंत माती, धूळ किंवा बुरशीचे बीजाणू डोळ्यात गेले तरी सहसा काही बिघडत नाही. उसाच्या पाचटाचे पाते, ज्वारीचे किंवा गव्हाचे कुसळ, मळणी यंत्रातून उडणारा भुसा, पऱ्हाटीची काडी यांपैकी कशानेही त्या पापुद्र्यावर बारीक ओरखडा पडला, की झाडपाल्यावर आणि मातीत सर्वत्र असणाऱ्या फ्युजेरियम, ॲस्परजिलस यांसारख्या बुरशींना आत शिरायला वाट मिळते. ही बुरशी सावकाश वाढते. पहिले दोन-तीन दिवस डोळा खुपतो, पाणी येते, थोडी लाली असते, पण माणूस कामावर जाऊ शकतो, आणि नेमके हेच दिवस हातचे जातात. त्यानंतर बुबुळावर पांढुरका, कडा पिसासारख्या विस्कटलेल्या असा डाग दिसू लागतो, त्याच्या खाली पू साचतो, आणि उपचाराला उशीर झाला तर व्रण बुबुळ पोखरत आरपार जातो. बरा झाला तरी जागा पांढरी राहते. आपल्याकडे ज्याला डोळ्यात फूल पडणे म्हणतात, त्यातली कित्येक फुले अशा साध्या ओरखड्यातून आलेली असतात.

या आजाराचा आपल्या देशातला आवाका किती, हे नीट मोजले गेले ते तमिळनाडूतील मदुराई जिल्ह्यात. तेथे १९९३ च्या सुमारास दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे ११३ जणांना कॉर्नियाचा व्रण होत असल्याचे आढळले. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या एका काउंटीत १९८० च्या दशकात हेच प्रमाण लाखामागे सुमारे ११ होते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मदुराईच्याच दुसऱ्या अभ्यासात तीन महिन्यांत आलेल्या ४३४ रुग्णांची तपासणी झाली. त्यांच्यापैकी जवळपास दोन-तृतीयांश जणांना आधी डोळ्याला इजा झालेली होती. ज्यांच्या व्रणातून जंतू वाढवून ओळखता आले, त्यांच्यात निव्वळ बुरशीचे आणि निव्वळ जिवाणूंचे रुग्ण जवळजवळ सारखेच, सत्तेचाळीस टक्क्यांच्या आसपास होते. थंड प्रदेशांत लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांत बुरशीचा व्रण हा अपवाद म्हणून शिकवला जातो, उष्ण शेतीप्रदेशात तो नित्याचा आहे, हे त्या आकड्यांनी दाखवून दिले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोकांना बुरशीजन्य व्रण होतो आणि त्यातला मोठा वाटा आशिया व आफ्रिकेचा आहे. आपल्या देशाच्या २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या वयात मोतीबिंदूखालोखाल कॉर्नियाच्या अपारदर्शकतेचा क्रमांक लागला (८.२ टक्के), आणि पन्नाशीच्या आतील अंधत्वात तर तेच पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. अपारदर्शकतेची कारणे अनेक असतात आणि हा सगळा दोष बुरशीचा नाही, हे मान्य करूनही कमावत्या वयातले हे अंधत्व गंभीरपणे घेण्याजोगे आहे.

आता उपचारांविषयी. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांबरोबर या विषयावर ज्या चाचण्या केल्या, त्या मला भारतीय नेत्रवैद्यकातील सर्वांत उपयुक्त कामांपैकी वाटतात. त्या चाचण्यांनी विचारलेले प्रश्न रोजच्या ओपीडीतले होते. बुरशीच्या व्रणासाठी नाटामायसिन हे जुने औषध थेंबांच्या रूपात अनेक दशके वापरात होते. नंतर व्होरिकोनाझोल हे नवे, अधिक महाग औषध आले. ते कॉर्नियात अधिक खोल शिरते आणि प्रयोगशाळेत प्रभावी दिसते, म्हणून अनेक डॉक्टर त्याच्याकडे वळले होते. अशा वेळी ३२३ रुग्णांना चिठ्ठी टाकून दोन गटांत विभागले गेले, कोणाला कोणते औषध मिळते हे रुग्णाला आणि तपासणाऱ्याला कळू दिले नाही, आणि २०१३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. जुने, साधे नाटामायसिनच सरस ठरले. त्या गटात तीन महिन्यांनंतरची नजर चांगली होती आणि डोळ्याला भोक पडण्याचे किंवा तातडीने कॉर्निया बदलावा लागण्याचे प्रमाणही कमी होते; फ्युजेरियम बुरशीच्या रुग्णांत हा फरक फार ठळक होता. दुसऱ्या चाचणीत गंभीर व्रणाच्या २४० रुग्णांमध्ये थेंबांच्या जोडीला व्होरिकोनाझोलच्या गोळ्या देऊन काही लाभ होतो का, हे पाहिले. एकंदरीत लाभ झाला नाही, उलट दुष्परिणाम वाढले. पुढे नेपाळात क्लोरहेक्सिडीन हे स्वस्त जंतुनाशक नाटामायसिनला पर्याय होऊ शकेल का याची चाचणी झाली आणि २०२२ मध्ये आलेल्या तिच्या निकालातही नाटामायसिनच वरचढ राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये या थेंबांचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला आहे.

गंभीर व्रणांच्या त्या दुसऱ्या चाचणीतील एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. दोन्ही गटांना उत्तम रुग्णालयातील उत्तम उपचार मिळाले, औषधे वेळेवर मिळाली, तपासण्या झाल्या, आणि तरीही निम्म्याच्या आसपास डोळ्यांना भोक पडले किंवा कॉर्निया बदलावा लागला. याचा अर्थ असा की व्रण खोल गेल्यावर, पू साचल्यावर रुग्ण आला, तर कितीही निष्णात डॉक्टर असला तरी त्याच्या हाती फारसे उरत नाही. नाटामायसिन कॉर्नियात खोलवर शिरत नाही. व्रण वरच्या थरात असतानाच ते आपले काम चोख करते. म्हणजे या आजारात औषधाच्या निवडीइतकाच, कदाचित त्याहूनही जास्त, फरक पडतो तो रुग्ण कितव्या दिवशी योग्य माणसासमोर बसतो याने.

आणि तो कितव्या दिवशी बसतो? आमच्या भागात कुसळ गेलेला माणूस पहिल्या दिवशी डोळ्याला पदराची ऊब देतो, कोणी जिभेने कचरा काढून देते, कोणी आईचे दूध, मध किंवा एरंडेल घालते. यामागे माया असते, पण दूध, मध किंवा तेल निर्जंतुक नसते आणि जखमेवर नवा संसर्ग होऊ शकतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो औषधाच्या दुकानात जातो, डोळा दाखवतो आणि थेंबांची बाटली घेऊन येतो. त्या बाटलीत फार वेळा प्रतिजैविकाच्या जोडीला स्टिरॉइड असते. स्टिरॉइड हे वाईट औषध नव्हे. डोळ्याच्या आतल्या सुजेत, कॉर्निया प्रत्यारोपणानंतर, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्याच्यामुळे असंख्य डोळे वाचतात आणि मी स्वतः ते रोज लिहून देतो. मात्र ते सूज उतरवते ते शरीराची प्रतिकाराची धडपड थांबवून. बुरशी आत असताना ती धडपड थांबली की लाली ओसरते, दुखणे कमी होते, रुग्णाला उतार पडल्यासारखा वाटतो, आणि त्या आठ-दहा दिवसांत बुरशी बिनविरोध खोल जाते. उतार पडला म्हणून तोच रुग्ण तीच बाटली पुन्हा आणतो. शेवटी बुबुळ पांढरे झाल्यावर तो तालुक्याला येतो, तेथून जिल्ह्याला, तेथून पुण्या-मुंबईला.

स्टिरॉइडविषयी बोलताना न्याय म्हणून मदुराईच्याच आणखी एका चाचणीचा उल्लेख करायला हवा. जिवाणूंमुळे झालेल्या व्रणात प्रतिजैविकाबरोबर स्टिरॉइड द्यावे की नाही, हा डॉक्टरांमधला जुना वाद होता. त्यासाठी ५०० रुग्णांची चाचणी झाली, त्यांतील बहुतेक सर्व रुग्ण अरविंद रुग्णालयाचे होते, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार तीन महिन्यांनंतरच्या नजरेत दोन्ही गटांत एकूण फरक आढळला नाही. वर्षभरानंतरच्या विश्लेषणात काही प्रकारच्या जिवाणूंमध्ये थोडा लाभ दिसला, तर नोकार्डिया नावाच्या जिवाणूच्या व्रणात स्टिरॉइडमुळे नुकसान झालेले दिसले. या निकालाचा आधार घेऊन ‘स्टिरॉइड सुरक्षित आहे’ असे म्हणणारे मला भेटले आहेत, म्हणून लिहितो. त्या चाचणीत प्रत्येक रुग्णाच्या व्रणातून नमुना घेऊन प्रयोगशाळेत जिवाणू सिद्ध झालेला होता, आधी ४८ तास प्रतिजैविक दिलेले होते, आणि मगच, नजर ठेवून, स्टिरॉइड सुरू केलेले होते. काउंटरवरून दिलेल्या बाटलीला यातले काहीही लागू पडत नाही.

आता एक तुलना करतो, कारण माझा मूळ मुद्दा तिच्यातून स्पष्ट होईल. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर क्वचित डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होतो आणि काही दिवसांत नजर जाऊ शकते. हे टाळण्यासाठी शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यातच प्रतिजैविकाचे सूक्ष्म इंजेक्शन द्यावे का, याचा युरोपात सेफुरॉक्झिम वापरून मोठा अभ्यास झाला. आपल्याकडे अरविंदच्या रुग्णालयांनी मॉक्सिफ्लोक्सासिन वापरून सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांचा हिशेब २०१७ मध्ये मांडला. संसर्गाचे प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आलेले होते. टक्क्यांत हा फरक किरकोळ वाटेल, पण आपल्या देशात वर्षाला लाखो शस्त्रक्रिया होतात, तेव्हा त्या फरकात हजारो डोळे असतात. ही पद्धत बघता बघता देशभर पसरली आणि आज लहान शहरांतले शल्यचिकित्सकही ती वापरतात. कारण सरळ आहे. तो निष्कर्ष अमलात आणायला एका माणसाने, म्हणजे शस्त्रक्रिया करणाऱ्याने, निर्णय घेणे पुरेसे होते. त्याने लेख वाचला, परिषदेत ऐकले, दुसऱ्या दिवसापासून सुरू केले.

बुबुळावरच्या बुरशीचे तसे नाही. तेथे निष्कर्ष अमलात यायचा तर शेतमजुराने पहिल्याच दिवशी डोळा दाखवला पाहिजे, दुकानदाराने स्टिरॉइड नाकारले पाहिजे, आरोग्य केंद्रात कोणाला तरी ओरखडा ओळखता आला पाहिजे, ग्रामीण रुग्णालयात बुरशी आहे की नाही हे त्याच दिवशी पाहता आले पाहिजे, आणि नाटामायसिन जवळ मिळाले पाहिजे. या साखळीतल्या एकाही माणसापर्यंत वैद्यकीय नियतकालिक पोहोचत नाही. संशोधनाचा खर्च झाला, रुग्णांनी विश्वासाने आपले डोळे चाचणीसाठी दिले, उत्तर मिळाले, आणि त्यानंतर ते उत्तर पुढे नेण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे ठरलेच नाही. डॉक्टरांच्या संघटनाही यातून सुटत नाहीत. आमच्या परिषदांमध्ये नव्या लेन्स आणि नव्या यंत्रांवर जेवढी सत्रे होतात, त्याच्या तुलनेत या विषयाला मिळणारा वेळ फार थोडा असतो.

गावपातळीवर काय करता येईल, याविषयीचे संशोधनही आहे आणि ते प्रामाणिकपणे, दोन्ही बाजूंनी सांगितले पाहिजे. नेपाळमधील भक्तपूर येथे गावातल्या कार्यकर्त्यांना डोळ्यावरचा ओरखडा ओळखायला शिकवले गेले आणि ओरखडा असलेल्या ४४२ जणांना क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस दिले गेले. २००१ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्यातील ९६ टक्के डोळे संसर्गाविना बरे झाले. इजेनंतर अठरा तासांच्या आत आलेल्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही. चोवीस तास उलटून गेल्यावर, दुसऱ्या दिवशी आलेल्यांमध्ये मात्र चारातल्या एकाहून अधिक जणांना झाला. दक्षिण भारतातील पुढच्या अभ्यासात त्या मलमाला बुरशीनाशक मलमाची जोड देऊनही वेगळा फायदा दिसला नाही, म्हणजे ओरखड्याच्या टप्प्यावर साधे प्रतिजैविक मलमच पुरेसे होते. मग नेपाळातच याची मोठी चाचणी झाली. चिठ्ठी टाकून निवडलेल्या गावांत महिला आरोग्य स्वयंसेविकांना प्रशिक्षण आणि मलम दिले गेले, आणि बाकीची गावे तुलनेसाठी ठेवली गेली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात स्वयंसेविका असलेल्या गावांत व्रणांचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटलेले आढळले नाही.

हा निकाल निराश करणारा आहे, पण तो झाकून ठेवून ‘आशा सेविकांना मलम द्या, प्रश्न सुटेल’ असे लिहिणे मला मान्य नाही. मला त्यातून दिसते ते असे, की मलम हाती असलेली व्यक्ती गावात असणे आणि दुखावलेला माणूस पहिल्याच दिवशी तिच्याकडे जाणे, यांत बरेच अंतर आहे. डोळा खुपतो आहे म्हणून अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून कोणी उठत नाही.

ऊसतोड कामगारांचे उदाहरण घ्या. बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास निघालेली जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन येतात, कोपीत राहतात आणि पहाटेपासून पाचटात काम करतात. जोडप्यातल्या एकाने कामाला सुट्टी घेतली तर खाडा लागतो, म्हणजे मजुरी बुडते ती बुडतेच आणि वर दंड बसतो. पात्याने डोळा चिरला गेला तर ही माणसे परक्या तालुक्यात असतात, तेथला दवाखाना त्यांना माहीत नसतो आणि आपल्या गावची आशा सेविका दोन-तीनशे किलोमीटरवर असते. त्यातूनही रुग्ण माझ्यासारख्या डॉक्टरपर्यंत आलाच आणि बुरशीचे निदान झालेच, तर उपचार काय असतो? जागेपणी दर तासाला एक थेंब, किमान आठवडाभर, आणि त्यानंतर दर दोन तासांनी, आणखी काही आठवडे. घड्याळ बघून थेंब घालायला दुसरा माणूस हवा, आणि तो दुसरा माणूस फडात असतो. या रुग्णांना औषध लिहून घरी पाठवणे म्हणजे उपचार केल्याचे समाधान मानणे आहे. त्यांना पहिले आठ दिवस दाखल करून घेतले पाहिजे. डोळ्याच्या थेंबांसाठी खाट अडवणे अनेक रुग्णालयांना व्यर्थ वाटते, पण मला आजवरच्या कामात याहून परिणामकारक उपाय दिसलेला नाही. साखर कारखान्यांनी गाळप हंगामात तोडणी कामगारांना संरक्षक चष्मे द्यावेत आणि डोळ्याच्या इजेसाठी घेतलेल्या सुट्टीला खाडा लावू नये, अशी अट करारातच घालता येण्यासारखी आहे. चष्मा घामाने धुरकट होतो, कामगार तो काढून ठेवतात, ही तक्रार खरी आहे, म्हणून चष्म्यांची निवडही कामगारांना विचारूनच व्हावी.

निदानाच्या बाबतीत तर आपल्याकडे साधनांची उणीव फारशी नाहीच. व्रणाच्या कडेचा सूक्ष्म नमुना काचेवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा थेंब टाकला, की बुरशीचे तंतू साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काही मिनिटांत दिसू शकतात. थुंकीतला क्षय आणि रक्तातला हिवताप शोधण्यासाठी सूक्ष्मदर्शक ग्रामीण रुग्णालयांत आधीपासून असतो, तो चालवणारा तंत्रज्ञही असतो. नमुना घेणे हे मात्र प्रशिक्षित हाताचे काम आहे, आणि उपजिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर ते नेत्रशल्यचिकित्सकाने करायला हवे. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याहून सोपी गोष्ट पुरते. फ्लुरोसिनच्या कागदी पट्टीने डोळा रंगवून निळ्या प्रकाशात पाहिले तर ओरखडा हिरवा चमकतो. नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांना हे उत्तम येते. वैद्यकीय अधिकारी आणि आरोग्य सेविकांनाही ते एका दिवसात शिकवता येईल.

दुकानांविषयी शासनाने नवा कायदा करण्याची गरज नाही. स्टिरॉइडयुक्त थेंब हे औषध नियमावलीच्या परिशिष्ट ‘एच’मध्ये मोडतात, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाहीत. हा नियम पाळला जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून राज्यभर डोळे येण्याची साथ पसरली, तेव्हा या थेंबांसाठी दुकानांपुढे झालेली गर्दी आपण सर्वांनी पाहिली. त्या विषाणूजन्य साथीतल्या बहुतेकांना स्टिरॉइडची काहीही गरज नव्हती. दुकानदारांना खलनायक ठरवण्याचा माझा हेतू नाही. गावात डॉक्टर नसताना मध्यरात्री दार उघडणारा माणूस तोच असतो आणि लोक त्याच्यावर विसंबतात. म्हणूनच अन्न व औषध प्रशासनाने केवळ छापे न घालता औषध विक्रेत्यांच्या संघटनांबरोबर बसून एक साधा पाठ घालून द्यावा, असे मला वाटते. डोळ्यात शेतातले काही गेले असेल, एकच डोळा लाल असेल, उजेड सहन होत नसेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर कोणतीही बाटली न देता रुग्णाला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवायचे. शासनाच्या औषध खरेदीत नाटामायसिनचे थेंब किमान प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयासाठी घेतले जावेत. आज अनेकदा रुग्णाच्या नातेवाइकांना त्या एका बाटलीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते आणि त्यात आणखी एक दिवस जातो.

याशिवाय, आपल्या राज्यात या व्रणांची स्वतंत्र नोंद ठेवली जावी. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया किती झाल्या याचे उद्दिष्ट आणि अहवाल असतात, तसे बुबुळाच्या व्रणाचे नसते. कोणत्या तालुक्यात, कोणत्या महिन्यात, कोणत्या पिकाच्या कामात किती डोळे गेले, हे नोंदवले तर ज्वारीच्या काढणीत आणि उसाच्या तोडणीत कोठे लक्ष द्यायचे ते नेमके कळेल, आणि मदुराईचे आकडे महाराष्ट्राला लावत बसावे लागणार नाही. वैद्यकीय महाविद्यालयांच्या नेत्रविभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवेच असतात. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या परिसरातील दोन-तीन तालुके घेतले तरी काही वर्षांत राज्याचे चित्र तयार होईल.

आपल्या दैनिकाकडे एक विनंती आहे. सुगीच्या आणि गाळपाच्या हंगामात, आतल्या पानावर का होईना, दर आठवड्याला एक लहान चौकट छापावी. तीत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन आणि प्रेडनिसोलोन ही तीन नावे ठळक मराठी अक्षरांत द्यावीत, यांपैकी कोणतेही नाव बाटलीवर असेल तर ते थेंब डॉक्टरांनी डोळा तपासल्याशिवाय घालू नयेत असे लिहावे, आणि डोळ्यात काडी-कुसळ गेल्यास चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावे व त्याच दिवशी दाखवावे, एवढे सांगावे. जवळच्या शासकीय नेत्रविभागाचा पत्ता जिल्हा आवृत्तीनुसार खाली देता येईल. मजकूर तपासून देण्याची जबाबदारी मी आणि माझे काही सहकारी आनंदाने घेऊ.

आपला विश्वासू,
एक नेत्रचिकित्सक, मराठवाडा